बाजूचं टेबल रिकामं असतं तेव्हा

शहापूर शहराला स्वतःचं रेल्वे स्टेशन नाही. मुंबईला नोकरीला जायचं तर आधी रिक्षाने आसनगाव गाठायचं आणि मग कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये दोन तास काढायचे. मुरबाडकरांच्या नशिबी तेवढंही नाही. एसटीने कल्याण, तिथून पुढची गाडी. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या आणि सरसकट सगळ्या प्रवाशांसाठी त्यांचे दरवाजे उघडले ते थेट १ फेब्रुवारी २०२१ ला, तेही ठरावीक वेळांपुरते. तोवर वासिंद, आसनगाव, खर्डी, मुरबाड, सरळगाव इथल्या कितीतरी घरांत ऑफिस येऊन बसलं होतं. कुणी विमा कंपनीचे दावे तपासत होतं, कुणी हिशेब लिहीत होतं, कुणी ग्राहकांचे फोन घेत होतं. त्यातली काही कामं नंतर मुंबई-ठाण्याला परत गेली, काही आठवड्यातून दोन-तीन दिवस घरीच राहिली. रोजचा चार-पाच तासांचा प्रवास वाचला, ही तब्येतीच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही.

घरून काम करणाऱ्यांच्या मानदुखीवर, डोळ्यांच्या कोरडेपणावर भरपूर लिहिलं जातं. आज दुसऱ्याच एका दुखण्याबद्दल बोलायचं आहे. ते कॉम्प्युटरचं दुखणं समजलं जातं, पण त्याचं मूळ माणसाच्या एकटेपणात आहे.

एक दुपार डोळ्यांसमोर आणा. पावसाळ्याचे दिवस, वीज येऊन-जाऊन, इन्व्हर्टर कुरकुरतोय. वासिंदच्या घरात एक मुलगी लॅपटॉपसमोर बसली आहे. व्हीपीएन, म्हणजे घरच्या इंटरनेटमधून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत जाणारा कुलूपबंद बोगदा, सकाळपासून चार वेळा तुटला आहे. साहेबांचा मेसेज येऊन गेला आहे. तेवढ्यात फोन वाजतो. "मॅडम, आयटी हेल्पडेस्कमधून बोलतोय. तुमचं व्हीपीएन सारखं डिस्कनेक्ट होतंय असं इथे दिसतंय. एक लिंक पाठवतो, तिथे लॉगिन करा, दोन मिनिटांत करून देतो." तिला हायसं वाटतं. कुणीतरी दखल घेतली म्हणायची!

ही मुलगी आणि तो दिवस कल्पनेतला आहे. फोनवरची युक्ती मात्र खरी आहे. १५ जुलै २०२० रोजी अमेरिकेत ट्विटर कंपनीचं जे हसं झालं, ते याच युक्तीने. बराक ओबामा, जो बायडेन, बिल गेट्स, इलॉन मस्क यांच्या खात्यांवरून अचानक बिटकॉइन पाठवण्याची आवाहनं झळकली. न्यू यॉर्क राज्याच्या वित्तीय सेवा विभागाने चौकशी करून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला, त्यात घटनाक्रम आहे. हल्लेखोरांनी ट्विटरच्या कर्मचाऱ्यांना फोन केले. आपण कंपनीच्याच हेल्पडेस्कमधून बोलतोय, व्हीपीएनच्या तक्रारीबद्दल फोन केलाय, असं सांगितलं. सगळे घरून काम करत होते आणि व्हीपीएन तुटणं ही रोजची रड होती, त्यामुळे थाप बेमालूम बसली. पाठवलेलं पान हुबेहूब कंपनीच्या लॉगिनसारखं होतं. कर्मचारी तिथे पासवर्ड टाकत असताना हल्लेखोर तोच पासवर्ड त्याच क्षणी खऱ्या पानावर टाकत होते. खऱ्या पानाने फोनवर खातरजमा मागितली, तीही काहींनी देऊन टाकली. एकूण १३० खाती लक्ष्य झाली आणि लोकांचे एक लाख अठरा हजार डॉलरहून अधिक गेले. सूत्रधार निघाला फ्लोरिडातला सतरा वर्षांचा पोरगा.

या अहवालातली एक बारीक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. फोन आलेल्यांपैकी काहींना संशय आला होता आणि त्यांनी तो कंपनीत कळवलाही होता. म्हणजे शंका घेणारी माणसं होती. पण ज्याने विश्वास ठेवला तो त्या क्षणी त्यांच्या शेजारी बसलेला नव्हता.

ऑफिसात असतो तर काय झालं असतं? फोन कानाला लावूनच बाजूच्या टेबलाकडे मान वळली असती. "काय गं, तुलाही आला का हेल्पडेस्कचा फोन?" ती म्हणाली असती, "नाही बाई. आणि आपला हेल्पडेस्कवाला तर समोर चहा पितोय." झालं, खेळ तिथेच संपला असता. कोणत्याही कंपनीच्या अंदाजपत्रकात या बाजूच्या टेबलाची किंमत धरलेली नसते. काम घरी गेलं तेव्हा लॅपटॉप आला, हेडफोन आले, ते टेबल तेवढं मागे राहिलं.

शेजारी एक माणूस असण्याने किती फरक पडतो, याचा मानसशास्त्रात एक जुना, गाजलेला दाखला आहे. येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्रॅम यांनी १९६१ पासून आज्ञापालनावर प्रयोग केले. कोट घातलेला प्रयोगकर्ता सांगतोय म्हणून साधी माणसं पलीकडच्या खोलीतल्या अनोळखी माणसाला विजेचे वाढते झटके देतील का, हे त्यांना पाहायचं होतं. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. ४० पैकी २६ जण शेवटच्या, ४५० व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. ही संख्या अनेकांनी ऐकलेली असते. तिच्या पुढचा प्रयोग कमी सांगितला जातो. त्यात सहभागी माणसाच्या सोबत आणखी दोघं बसवली होती आणि त्यांनी मध्येच "आम्ही नाही करणार" असं म्हणून हात मागे घेतला. तेव्हा ४० पैकी फक्त चौघं शेवटपर्यंत गेले. हुकूम देणारा तसाच अधिकारवाणीने बोलत होता. नकार देणारं कुणीतरी शेजारी होतं, इतकाच बदल.

आणखी एका प्रकारात मिलग्रॅम यांनी हुकूम खोलीत उभं राहून न देता फोनवरून दिले, तर शेवटपर्यंत जाणाऱ्यांचं प्रमाण जेमतेम एक पंचमांशावर आलं. समोर नसलेल्या माणसाचं आपण कमी ऐकतो. भामट्यांनाही हे अनुभवाने कळलेलं दिसतं. तथाकथित 'डिजिटल अरेस्ट'मध्ये व्हिडिओ कॉलवर खाकी गणवेश, मागे पोलिस ठाण्यासारखा देखावा आणि "फोन ठेवायचा नाही, घरात कुणाला सांगायचं नाही" ही तंबी असते, ती उगाच नव्हे. गणवेश दिसला की फोनवरचा माणूस समोर आल्यासारखा होतो आणि तंबीने तुमचं उरलंसुरलं शेजारचं टेबलही काढून घेतलं जातं. (भारतीय कायद्यात डिजिटल अरेस्ट नावाची गोष्टच नाही, हे जाता जाता पुन्हा एकदा.)

दुसरं हत्यार घाईचं. १९७३ मध्ये प्रिन्स्टनच्या डार्ली आणि बॅटसन या दोन संशोधकांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसरीत भाषणाला पाठवलं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला होता, अर्थात ठरवून बसवलेला. वेळ हाताशी असलेल्यांपैकी ६३ टक्के मदतीला थांबले. 'तुम्हाला उशीर झालाय' असं सांगून पाठवलेल्यांपैकी फक्त दहा टक्के. अडलेल्याला मदत करावी या बायबलमधल्या गोष्टीवरच बोलायला निघालेले काही जणही बाजूने निघून गेले. माणसं वाईट नव्हती. घाईत नजर अरुंद होते, एवढाच त्याचा अर्थ. "पंधरा मिनिटांत तुमचं खातं बंद होईल" असं सांगणाऱ्याला तुमच्याकडून नेमकी तीच अरुंद नजर हवी असते. म्हणून फसलेल्या माणसाला "तू शिकलेला असून असं कसं केलंस?" हे विचारणं मला निरर्थक वाटतं. शिक्षण असतंच, त्या पंधरा मिनिटांत ते हाताशी येत नाही.

आणि फोन करणारा तरी कुठे लांब बसलेला असतो? ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याचं भासवून तिथली तरुण मुलं अमेरिकी नागरिकांना धमकावत होती. हातात लिहून दिलेले संवाद, रात्रपाळी, वसुलीचं उद्दिष्ट, सगळं नोकरीसारखं. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीआयने असंच एक बनावट कॉल सेंटर पकडलं. तिथे ॲमेझॉनच्या मदत केंद्राचा आव आणून परदेशातल्या ग्राहकांना गंडवलं जात होतं. ठिकाण कुठलं? इगतपुरी. कसारा घाट चढून गेलं की पहिलं मोठं गाव.

आता घरातल्या यंत्रांकडे वळू, कारण शेजारी कुणी नसण्याची झळ तिथेही लागते. ऑफिसात अपडेट कधी टाकायचं, कुठलं सॉफ्टवेअर ठेवायचं, हे कुणीतरी दुसरा बघतो. घरी तो 'कुणीतरी' आपणच. आणि आपली अडचण साधी असते : रोजचा दीड-दोन जीबी डेटा. तारेचं ब्रॉडबँड सगळ्या पाड्यांवर पोचलेलं नाही, लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो आणि अपडेटने एक जीबी खाल्ला तर दुपारच्या मीटिंगला काय उरणार? म्हणून 'नंतर आठवण करा' हे बटण दाबलं जातं. रोज. मला यात आळस दिसत नाही, हिशेब दिसतो. फक्त तो हिशेब चुकीचा आहे.

तो कसा चुकतो ते लास्टपास या कंपनीला विचारावं. लोकांचे पासवर्ड तिजोरीत सांभाळणं हाच या कंपनीचा धंदा. २०२२ मध्ये तिच्या ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या. त्या जिथे ठेवल्या होत्या तिथल्या किल्ल्या कंपनीत अवघ्या चार अभियंत्यांकडे होत्या. चोर त्यातल्या एकाच्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरले. तिथे सिनेमे-गाणी लावण्याचं एक सॉफ्टवेअर होतं. त्यातली फट बुजवणारं अपडेट मे २०२० मध्येच आलेलं होतं, या अभियंत्याने ते टाकलं नव्हतं. चोरांनी त्या फटीतून प्रत्येक टाइप केलेलं अक्षर टिपणारा प्रोग्राम बसवला आणि मुख्य पासवर्ड आयता मिळवला. ऑफिसच्या कामाशी त्या सॉफ्टवेअरचा काडीचा संबंध नव्हता. कॉम्प्युटर तेवढा एकच होता.

आपल्याकडे हे 'एकच' प्रकरण मोबाइलमध्ये जास्त आहे. १ डिसेंबर २०१६ ला मुरबाड तालुक्यातलं धसई हे राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार स्वतः आले होते. दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली, पुढे त्यांची आणि नेटवर्कची रडकथाही बातम्यांतून आली. आज वडापावच्या गाडीवरही क्यूआर कोड लटकतो आणि पैसे त्याच फोनमधून जातात, ज्यावर ऑफिसच्या लॉगिनचा ओटीपी येतो, ज्यावर मुलगा संध्याकाळी गेम खेळतो आणि ज्यावर नात्यातल्या ग्रुपवर लग्नपत्रिका येते. ही पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असेल तर ठीक. नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये बसू पाहणारं ॲप आहे. वाहतूक दंडाच्या चलनाच्या नावानेही हेच येतं. एकदा बसलं की ते एसएमएस वाचतं, ओटीपी पळवतं आणि पुढे तुमच्याच नंबरवरून मामा-मावशीला पत्रिका धाडतं. पाठवणारा ओळखीचा आहे, एवढ्यावर विसंबता येत नाही ते यामुळे.

ऑफिसचं लॉगिन हाती लागलं तर नुकसान घरापुरतं राहत नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला इंधन पुरवणारी कलोनिअल पाइपलाइन काही दिवस बंद पडली. हल्लेखोर आत आले होते ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. त्याला पासवर्डखेरीज दुसरी खातरजमाच नव्हती. त्याआधी दोनच महिने, २१ मार्च २०२१ रोजी, आपल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या सर्व्हरवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला आणि राज्यभरातल्या सोळा प्रादेशिक कार्यालयांचं ऑनलाइन काम ठप्प झालं. मुरबाडची औद्योगिक वसाहत याच महामंडळाची. भूखंड, पाणी, परवाने यांची कामं त्याच यंत्रणेतून चालतात.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, फोन ठेवायचा. उद्धटपणा वाटला तरी ठेवायचा आणि आपल्याला आधीपासून ठाऊक असलेल्या नंबरवर आपण उलट फोन करायचा. त्याने दिलेल्या नंबरवर नाही. खरा हेल्पडेस्कवाला याने रागावत नाही. रागावला तर तोच पुरावा. त्यासाठी तो नंबर कुठेतरी हवा. लॅपटॉपमध्ये ठेवून उपयोग नाही, कारण लॅपटॉप बिघडला असेल तेव्हाच तो लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, मोठ्या अक्षरांत लिहा. त्याखाली १९३० लिहा. पैसे गेल्यावर पहिला फोन त्या राष्ट्रीय हेल्पलाइनला करायचा, कारण पैसा खात्याखात्यांतून पुढे सरकण्याआधीच तो गोठवता येतो. घरात चर्चा करण्यात, लाज वाटून गप्प बसण्यात गेलेला तास महाग पडतो. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार दोष ग्राहकाचा किंवा बँकेचा नसून तिसऱ्याच कुणाचा असेल आणि बँकेने कळवल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तक्रार केली, तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर मात्र बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं.

ओटीपीची मर्यादा ट्विटरच्या प्रकरणात दिसलीच. तो खोट्या पानावर टाकला की चोर खऱ्या पानावर टाकतो. यावर उपाय निघाला आहे, पासकी किंवा यूएसबीसारखी छोटी सुरक्षा किल्ली. तिची गंमत अशी की किल्ली ज्या पत्त्यासाठी बनली त्याच पत्त्याला उत्तर देते. पान कितीही हुबेहूब असो, पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं तरी किल्ली मुकाट बसते. माणसाला पान बघून फसवता येतं, किल्ली पान बघतच नाही. ट्विटरनेही त्या घटनेनंतर आपल्या कर्मचाऱ्यांना अशा किल्ल्या दिल्या. तुमची कंपनी ही सोय देत असेल तर आजच घ्या, देत नसेल तर विचारा.

बाकी पथ्यं साधी आहेत. आठवड्यातून एकदा, डेटा उरलेल्या रात्री, अपडेट टाकायचं. मुलांना त्याच लॅपटॉपवर अभ्यास करायचा असेल तर त्यांचं खातं वेगळं करायचं, आणि लॅपटॉप कंपनीचा असेल तर तो त्यांना द्यायचाच नाही. राउटर बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड बदलायचा. दूरवरून स्क्रीन ताब्यात घेणारं ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून कधीच टाकायचं नाही. स्टेशनवरच्या फुकट वायफायची भीती मात्र जरा जास्तच पसरवली गेली आहे असं माझं मत. बहुतेक साइट्सची देवघेव आता कुलूपबंदच होते. फोनवरच्या गोड आवाजाने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं आहे.

ज्यांना असं काम अजून मिळालेलं नाही, त्यांच्यासाठीही सापळा आहे. 'घरबसल्या डेटा एंट्री' अशी जाहिरात येते, ऑनलाइन करारावर सही घेतली जाते, कामात चुका काढल्या जातात आणि चार दिवसांत वकिलाच्या नावाने नोटीस : करारभंग केला, अमुक इतके भरा, नाहीतर कोर्ट. पहिली नोकरी शोधणारी मुलगी घाबरून, घरी न सांगता पैसे भरते. नोटीस एखाद्या खऱ्या वकिलाला दाखवली असती तर दोन मिनिटांत निकाल लागला असता. काम देणारा पैसे मागत नाही, हे आईवडिलांनी आधीच सांगून ठेवावं. त्याहून आधी, चूक झाली तरी घरी बोलता येईल एवढं वातावरण ठेवावं.

बाजूचं टेबल घरी कसं आणायचं, हा प्रश्न उरतोच. कंपन्यांनी करण्यासारखं बरंच आहे. "शंका आली म्हणून फोन ठेवला" असं सांगणाऱ्या कर्मचाऱ्याचे कामाचे मिनिटं कापू नयेत, इथून सुरुवात करता येईल. आपल्या बाजूनेही एक सोय जुनीच आहे. आसनगाव-कसारा लोकलच्या डब्याडब्यांचे व्हॉट्सॲप ग्रुप असतात. वर्षानुवर्षं एकत्र प्रवास केलेली माणसं, 'आज गाडी बारा मिनिटं लेट' एवढंच लिहिणारी. ऑफिसची गुपितं तिथे टाकायची नाहीत, पण फोन ठेवल्यावर एक ओळ टाकायला काय हरकत आहे : 'आत्ता हेल्पडेस्कच्या नावाने फोन आला होता. अजून कुणाला आला का?'